नाव घेतलेलं औषध

झरीला सासरी मला प्राध्यापिका म्हणून कुणी ओळखत नाही, औषध मारलेली सून म्हणून ओळखतात. तोंडावर कुणी म्हणत नाही. पण मी गाडी लावून आत जायला लागले की शेजारच्या ओट्यावरच्या बायांचं बोलणं थांबतं आणि मी उंबरा ओलांडला की पुन्हा सुरू होतं. वाईट वाटण्याचे दिवस माझे संपले. आता नुसता राग येतो, आणि राग मला चांगला पचतो.

परभणीच्या एका कॉलेजात मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते आणि झाडपाल्याच्या औषधांची तपासणी करते. काम ऐकायला भारी, करायला स्वयंपाकासारखं. मुळ्या, पानं, साली सावलीत वाळवायच्या, मिक्सरला लावायच्या, स्पिरिटमध्ये भिजत घालायच्या, गाळायच्या आणि स्पिरिट उडून गेलं की खाली उरलेला चिकट अर्क खरवडून घ्यायचा. काचेच्या चपट्या बशीत घट्ट जेली ओतून तिच्यावर जंतू पसरवायचे, जेलीला बारीक खड्डे पाडून त्यांत अर्क सोडायचा. एका खड्ड्यात नुसतं स्पिरिट घालायचं, म्हणजे स्पिरिटच्या जिवावर झाडाची वाहवा व्हायला नको. दुसऱ्या दिवशी अर्काभोवती जंतू वाढलेले नसले तर तिथं स्वच्छ गोल कडं दिसतं. कडं जेवढं मोठं तेवढी टाळी मोठी. तुळस, कडुनिंब आणि हळदीची कडी मोजून अर्ध्या मराठवाड्यानं डॉक्टरेट मिळवली, पण त्यातल्या एकाही कड्यानं कुणाचा ताप उतरल्याचं माझ्या ऐकण्यात नाही.

थोरल्या जाऊबाईंचं आणि माझं पहिल्यापासून पटलं नाही. लग्नानंतर पहिल्या आठवड्यातच त्यांनी मी थापलेली भाकरी वर धरून सगळ्यांना दाखवली होती आणि ‘परभणीच्या मॅडमनं नकाशा काडलाय’ असं म्हणून घरदार हसवलं होतं. मीही त्यांच्या मिश्रीवर बोलायची संधी सोडत नसे. भाजलेल्या तंबाखूची ती काळी पूड डाव्या गालात दाबून त्या दिवसभर शेतात खुरपायच्या. शेवटी हिरडीला तिथंच जखम झाली. आधी ठेचा झोंबायला लागला, मग भाकरी दुधात कुस्करून खायला लागल्या, मग बोलताना तोंड पुरतं उघडेनासं झालं. एकदा मी त्यांना अंगणात उजेडात बसवलं आणि जबरदस्तीनं ‘आ’ करायला लावलं. जखमेची कड पांढरी आणि टणक होती, बोट दाबलं तरी दुखत नव्हती. दुखत नाही म्हणून त्या खूश झाल्या, आणि त्याच कारणानं मला कॅन्सरची शंका आली.

माझं त्यांच्यावर प्रेम होतं असं मी म्हणणार नाही. त्यांना आपल्या डोळ्यांदेखत मरू द्यायची माझी तयारी नव्हती, एवढंच.

‘तुकडा काढून तपासायला द्या,’ मी म्हणाले. ‘याच आठवड्यात.’

‘तुकडा काडला की पसरतंय ते,’ सासूबाई म्हणाल्या. ‘लोखंड लागलं की बिमारी चौफेर पळती. माजा भाऊ कशाला बसलाय मग?’

हा भाऊ म्हणजे माझे मामेसासरे, राणीसावरगावचे. मेंढरं राखणारं घर. पावसाळ्यात चिखलानं मेंढ्यांचे खूर सडतात, त्यावर मामा एका मुळीचा लेप लावतात आणि खूर भरून येतात. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय, त्याला खोटं म्हणणार नाही. मेंढरांवरून हा लेप माणसांवर कधी आला ते कुणालाच सांगता येत नाही. गळू असो, नासूर असो की न भरणारी जखम, लेप तोच. नियम मात्र कडक. आदल्या संध्याकाळी झाडाला हळदकुंकू आणि तांदूळ वाहून ‘उद्या न्यायला येतो’ म्हणून आवतण द्यायचं. रविवारी उजाडायच्या आत, वाटेत कुणाशी न बोलता जायचं आणि मुळी लाकडाच्या खुंटीनं उकरायची. त्या दिवशी रोग्याच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही. आणि सगळ्यांत मोठा नियम म्हणजे रोग्यासमोर झाडाचं नाव घ्यायचं नाही. नाव घेतलं की गुण गेला. त्या रोग्याला ते औषध पुन्हा जन्मात लागू पडत नाही.

मामा कुणाकडून पैसाही घेत नाहीत. घेत असते तर माझं काम सोपं झालं असतं, कारण लबाड माणसाला शिव्या घालता येतात. हा माणूस रविवारी उपाशीपोटी दोन एस.टी. बदलून भाचेसुनेसाठी यायचा, लेप लावायचा आणि पाण्याचा घोटही न घेता परत जायचा. त्याच्याशी भांडायचं म्हटलं तर सगळं घर माझ्याकडे डोळे वटारून बघायचं.

लेप लागला की जाऊबाईंच्या डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागायच्या. दुसऱ्या दिवशी जखमेवर काळपट साल धरायची आणि मग ती सुटून यायची. ‘बिमारी मुळासकट निगायलीय,’ असं सासूबाई त्या सालीकडे बोट दाखवून सांगायच्या. मला दिसत होतं ते इतकंच की तोंडातली कातडी भाजून निघत होती. दर रविवारी मी भांडायचे आणि दर रविवारी ते पालथ्या घड्यावर पाणी ठरायचं.

एका रविवारी सासूबाईंनीच बोली लावली. ‘लय शिकलीस ना तू? मग घाल हे तुज्या मशीनीत. औषद खोटं निगालं तर हिला दवाखान्यात नेऊ. खरं निगालं तर तू पुन्ना तोंड उगडायचं न्हाई.’

मी लगेच कबूल झाले. जाऊबाई कोपऱ्यातून म्हणाल्या, ‘खरंच निगंल. मग बगू मॅडमचं तोंड.’ गाल सुजलेला, जीभ जड झालेली, तरी मला टोमणा मारताना त्यांचा चेहरा कसा उजळला होता! मामांनी मूठभर मुळ्या फडक्यात बांधून माझ्या हातात दिल्या. ‘नाव तेवडं इचारू नको, पोरी,’ म्हणाले.

नाव विचारायची मला गरजच पडली नाही. फडक्याच्या गाठीला काही बारीक हिरवी बोंडं चिकटून आली होती, त्यांच्यावर केस, आणि हाताला लागली की सुटता सुटत नव्हती. कॉलेजातल्या वनस्पतिशास्त्राच्या बाईंनी ती बघताक्षणी सांगितलं की हा चित्रक. आयुर्वेदात शेकडो वर्षं वापरात असलेलं झाड, आणि ताजी मुळी कातडीला लावली तर फोड उठवणारं. म्हणजे मामांच्या घराण्याचं गुपित कुठल्याही जुन्या वैद्याला ठाऊक असणारं होतं. मी हे झरीला सांगितलं नाही. बोली झाली होती तपासणीची, आणि तपासणीत ते औषध फुसकं निघणार याची मला पुरती खात्री होती. आजवर कितीतरी गावठी औषधांची हवा मी अशीच त्या बशीत काढली होती.

पण कडं आलं. नुसतं आलं नाही, बशी व्यापून बसलं. पू करणारे जंतू एका बाजूनं साफ झाले होते, आणि नुसत्या स्पिरिटच्या खड्ड्याभोवती काहीच नव्हतं, म्हणजे सगळी करणी त्या मुळीचीच. मग जिवंत पेशींची वाढ थांबते का ते बघायला मी पाण्याच्या पेल्यांवर कांदे ठेवून त्यांना मुळ्या फुटू दिल्या आणि पाण्यात थोडा अर्क सोडला. मुळ्या वाढायच्या थांबल्या आणि टोकं तपकिरी पडली. शेवटी पुण्याला पेशी वाढवणाऱ्या एका मैत्रिणीकडे अर्क पाठवला. तिच्या तपासणीत बारीक वाट्यांच्या रांगांत ठेवलेल्या जिवंत पेशी जांभळा रंग धरतात, मेलेल्या धरत नाहीत. तिनं फोटो पाठवला. कॅन्सरच्या पेशींची अख्खी रांग पांढरी होती. शेजारच्या रांगेत तिनं माणसाच्या धडधाकट पेशी लावल्या होत्या. तीही रांग तितकीच पांढरी होती.

औषध खोटं नव्हतं, हाच तर घात झाला. ते मारत होतं, पण कुणाला मारायचं आणि कुणाला सोडायचं हे त्याला कळत नव्हतं. रॉकेल ओतलं असतं तरी त्या दोन्ही रांगा पांढऱ्याच झाल्या असत्या, आणि रॉकेलचा लेप कुणी तोंडात लावत नाही. शिवाय बशीतली पेशी उघडी असते, जाऊबाईंच्या जबड्यातली नव्हती. वरची कातडी जळून सुटत होती आणि तिच्याखाली बिमारी आरामात हातपाय पसरत होती.

आमच्या विभागप्रमुखांना मी दोन्ही रांगा दाखवल्या. त्यांनी दुसऱ्या रांगेवर तळहात ठेवला आणि म्हणाले, ‘ही आत्ता राहू द्या मॅडम. पहिली केवढी सुंदर आलीय!’

मी नाही म्हणाले. त्यांनी मान डोलावली आणि माझ्या पाठीमागे ओळखीच्या एका वार्ताहराला फोन केला. दोन दिवसांत बातमी आली, ‘परभणीच्या मुळीपुढे कॅन्सर हरला’. सोबत पांढऱ्या कोटातला माझा फोटो, कुठल्याशा जुन्या कार्यक्रमातला, दात काढून हसणारा. दुसऱ्या रांगेचा शब्दही नव्हता. मी त्यांच्या खोलीत जाऊन टेबलावर हात आपटला. ‘चांगली बातमी आहे, तुम्ही कशाला चिडता?’ ते म्हणाले आणि मला चहा मागवला. कुंपणानंच शेत खाल्लं होतं, आणि वर शेताला चहा पाजत होतं. तो चहा मी तसाच टाकून आले.

मी झरीला पोचायच्या आत बातमी सगळ्यांच्या मोबाइलवर पोचली होती. माझे थोरले दीर, ज्यांना आम्ही भाऊजी म्हणतो, ती मोठ्यानं वाचून दाखवत होते. मी मैत्रिणीचा फोटो पुढे केला, दोन्ही रांगांवर बोट ठेवून समजावलं. हे औषध चांगलं मांस पण मारतं, आणि खालच्या रोगापर्यंत पोचत नाही, असं सांगितलं. जबड्याखाली आता सुपारीएवढी गाठ आली होती, ती दाखवली.

‘मारायलाय ना? मग झालं की,’ भाऊजी म्हणाले.

‘गाठ म्हंजी बिमारी बाहीर पडायलीय,’ सासूबाई म्हणाल्या. ‘आन बोली काय झाली होती? तुज्याच मशीनीनं खरं केलंय. आता तोंड बंद ठिव.’

‘फोटू लय भारी आलाय बरं का मॅडम,’ जाऊबाई म्हणाल्या. बोलताना त्यांच्या ओठाच्या कोपऱ्यातून लाळ गळत होती आणि त्यांना ते कळत नव्हतं. माझा नवरा तिथंच होता. तो अशा वेळी नेहमी तिथंच असतो आणि फरशीकडे बघत असतो. मी त्या घरातल्या प्रत्येकाला मनातल्या मनात शिव्या घातल्या, त्यालाही सोडलं नाही.

परत येताना जिंतूर रस्त्यावर माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. या लोकांना माझी रांग पटत नाही, गाठ पटत नाही, डॉक्टर पटत नाही. त्यांना पटतात ते फक्त मामांचे नियम. मग मामांच्याच नियमानं चालू.

पुढच्या रविवारी मी सकाळीच झरी गाठली. बातमीमुळे अंगणात माणसं जमली होती, कुणी गळू घेऊन आलेलं, कुणी नुसतंच बघायला. मामा पूर्वेकडे तोंड करून पाट्यावर मुळी उगाळत होते. जाऊबाई त्यांच्या पुढ्यात बसल्या होत्या, डोळे मिटून, जमेल तेवढं तोंड उघडून. मामेसासऱ्यांसमोर आमच्या घरच्या सुना डोक्यावर पदर घेतात आणि विचारल्याशिवाय बोलत नाहीत. मी ओढणी गळ्यातच राहू दिली.

‘चित्रक,’ मी म्हणाले.

कुणाला काही कळलं नाही. मग मी मामा आणि जाऊबाईंच्या मध्ये जाऊन उभी राहिले आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल एवढ्यानं म्हणाले, ‘हे चित्रकाचं मूळ आहे. पांढऱ्या फुलाचा चित्रक. जाऊबाई, ऐकलंत ना? चित्रक!’

मामांचा हात पाट्यावर थांबला. सासूबाईंनी दोन्ही कानांवर हात ठेवले, पण ते हात जाऊबाईंच्या कानांवर असायला हवे होते. जाऊबाईंनी डोळे उघडले. त्या माझ्याकडे अशा बघत राहिल्या, जणू मी त्यांच्या ताटात माती कालवली होती.

मामा सावकाश उठले. ‘झालं,’ ते म्हणाले. ‘गेला गुण. आता हिला माज्या हातानं फरक पडायचा न्हाई.’

‘न्हाई ऐकलं हो तिनं, दादा,’ सासूबाई त्यांचा हात धरून रडायला लागल्या. ‘लावा की तुमी. तिला न्हाई ऐकू गेलं.’

‘मी ऐकलंय ना,’ मामा म्हणाले. त्यांनी उगाळलेला लेप पाण्यानं धुऊन बाभळीच्या बुडाशी ओतला, फडकं खांद्यावर टाकलं आणि माझ्याकडे न बघता एस.टी.कडे चालू लागले. नियम मोडून लेप लावायला कुणी अडवणार नव्हतं, तरी त्यांनी तो लावला नाही. मला त्यांच्याबद्दल आदर वाटला, आणि त्या आदराचाही राग आला.

भाऊजी माझ्या अंगावर धावून आले. नवऱ्यानं उठून त्यांचा हात धरला, तेवढं एक त्याच्या हातून झालं. जाऊबाई बसल्या जागेवरून ओरडल्या, ‘माजं औषद मारलंस तू! मी मेले तर तुज्या दारात येऊन बसंन, ध्यानात ठिव!’

‘या,’ मी म्हणाले. ‘पण आधी गाडीत बसा.’

माझ्या गाडीत त्या बसल्या नाहीत. पण औषध गेलं होतं आणि दुसरं काही हाताशी नव्हतं, म्हणून त्याच आठवड्यात भाऊजींनी मला शिव्या देत देत त्यांना दवाखान्यात नेलं. तुकडा काढला. माझी भीती खरी ठरली, आणि खरी ठरल्याचा मला काडीचाही आनंद झाला नाही. मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन झालं, डाव्या बाजूचा खालचा जबडा काढावा लागला. मानेतल्या गाठी काढल्या, पुढे रेडिएशनचे शेक दिले. डॉक्टर म्हणाले, अजून थोडं थांबला असतात तर हात लावण्यासारखं काही उरलं नसतं. हे वाक्य भाऊजींनी घरी कुणाला सांगितलं नाही. मी तिथं होते म्हणून मला माहीत आहे.

घरात जी गोष्ट ठरली ती वेगळीच. औषधानं निम्मी बिमारी आधीच मारली होती म्हणून सून वाचली. आणि मी नाव घेतलं नसतं तर जबडाही वाचला असता. या दोन्ही गोष्टी एकाच दमात सांगितल्या जातात आणि ऐकणारा मान डोलावतो. मामांचे रविवार आता अंगणातच भरतात. मी गेले की माझ्याकडे बोट दाखवून लोक एकमेकांना कोपरानं ढोसतात. कॉलेजात मी दोन्ही रांगांसकट निबंध लिहिला, तो विभागप्रमुखांच्या टेबलावर पडून आहे, त्यांना वाचायला सवड नाही.

जाऊबाई माझ्याशी बोलायच्या बंद झाल्या. संक्रांतीला सगळ्यांना तिळगूळ दिला आणि माझी पाळी आली तेव्हा डब्याचं झाकण लावलं. एरवीही त्या फारशा कुणासमोर येत नाहीत. जेवायला भिंतीकडे तोंड करून बसतात. तोंडावर घट्ट पदर असतो, नाकापर्यंत, आणि तो भाऊजींसमोरही सुटत नाही. ऑपरेशननंतरचा त्यांचा चेहरा घरातल्या कुणी नीट पाहिलेला नाही.

गेल्या महिन्यात मी झरीला गेले होते. सासूबाई दारात शेंगा फोडत बसल्या होत्या, जाऊबाई आतल्या अंधारात ज्वारी निवडत होत्या. तेवढ्यात गावाच्या पल्याडच्या आळीतली एक बाई आली, जाऊबाईंच्याच वयाची, गालाला हात लावलेली.

‘मामाची गाठ पाडून द्या की,’ ती सासूबाईंना म्हणाली. ‘तुमच्या सूनबाईला लय गुण आला म्हणं. माज्याबी तोंडात तसंच झालंय. दुकत न्हाई, पर भरूनबी येईना.’

‘रविवारी ये,’ सासूबाई म्हणाल्या. ‘उपाशीपोटी ये. दादा येनार हायती.’

मी पुढे झाले. ‘तू गप,’ सासूबाई माझ्यावर खेकसल्या. ‘हिच्यासमोर एक शबूद बोलायचा न्हाई. एकीचं वाटोळं केलंस तेवडं बास.’

त्या बाईनंही मला ओळखलं असावं, कारण तिनं भीतीनं दोन्ही कान झाकून घेतले. रागानं माझ्या अंगाची लाहीलाही झाली. तिला ओढत न्यावं की सासूबाईंच्या पुढ्यातलं शेंगांचं सूप भिरकावून द्यावं, मला सुचेना.

आतून जाऊबाई उठल्या. ज्वारीचं ताट बाजूला सारून त्या दारात, उन्हात, त्या बाईच्या अगदी समोर येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी तोंडावरचा पदर काढला.

डावा गाल आत बसला होता. हनुवटी एका बाजूला ओढली गेली होती, आणि कानापासून गळ्यापर्यंत शिवणीचा जाड वळ होता. खालचा ओठ मिटत नव्हता. ती बाई मागे सरली. सासूबाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली.

‘बग,’ जाऊबाई म्हणाल्या. शब्द फुटत नव्हते, त्यांना एकेक शब्द ढकलून बाहेर काढावा लागत होता. ‘नीट बग. मी रविवारची वाट बगत बसले.’

ती बाई रडायला लागली. जाऊबाईंनी तिचे हात धरून कानांवरून खाली ओढले. मग माझ्याकडे वळल्या. त्या डोळ्यांत माझ्यासाठी माया नव्हती, कधीच नव्हती.

‘तू काय बगत उबी ऱ्हायलीस?’ त्या म्हणाल्या. ‘गाडी काड. ने हिला.’

मी गाडी काढली.